मृगाच्या आत उरकायचं काम: बदललेल्या हेडलाइटमध्ये ओल धरू नये म्हणून

हेडलाइटच्या आत बाफ दिसली की मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: “चारी बाजूंनी सिलिकॉन मारा, विषय संपला.” विषय संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. पाणी आत यायची फट हुकते, आतली ओल बाहेर जायची वाट मात्र बुजते, आणि आठवड्याभरात काचेच्या आत थेंब लोंबायला लागतात.

प्रोजेक्टर (झोत एकवटणारं भिंग), डीआरएल (दिवसा लागणारे दिवे) किंवा एलईडी नुकतेच बसवून घेतलेत, किंवा बसवायचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितोय. हत्यारं फारशी लागत नाहीत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: हेडलाइट हा हवाबंद डबा नाही आणि तो तसा करायचाही नाही.

दिवा हवा आत-बाहेर करतो

दिवा लावला की आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. बंद केला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. कंपनीने यासाठी मागच्या बाजूला वाटा ठेवलेल्या असतात. कुठे खाली तोंड केलेली वाकडी रबरी नळी असते, कुठे आत वळणं असलेली टोपी, तर कुठे नाण्याएवढी पांढरी किंवा करडी चकती. ही चकती ई-पीटीएफई नावाच्या पडद्याची असते. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. गिर्यारोहकांच्या महागड्या रेनकोटात हेच वापरतात.

आता समजा तुम्ही गेवराईहून रात्री पाऊण तास दिवे लावून आलात आणि बीडच्या अलीकडे पावसाचं पाणी साचलेल्या खड्ड्यातून गाडी गेली. तापलेल्या दिव्यावर गार पाणी बसलं की आतली हवा क्षणात आकसते आणि दिवा ओढ घेतो. जिथे फट असेल तिथून तो पाणीच ओढतो. हवेची वाट मोकळी असेल तर ही ओढ तिथून भागते, फटीवर ताण येत नाही. म्हणजे वाट बुजवणं म्हणजे फटीवरचा ताण वाढवणं.

आधी ओळखा: दव की गळती

इथे घाई करू नका. निम्मे लोक दुरुस्तीची गरज नसलेला दिवा खोलून बिघडवतात.

थोडा हिशोब करू. 30 अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम वाफ धरते, 20 अंशांची हवा 17 ग्रॅम. मोठ्या हेडलाइटच्या आत सहा लिटर हवा धरली, तर पहाटे गारठा पडल्यावर त्यातून सुटणारं पाणी 0.08 ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे दीड-दोन थेंब. तेवढ्याने काचेवर पातळ बाफ धरेल, पण तळाशी पाणी साचणार नाही. दिव्याच्या तळात पाणी हलताना दिसलं, किंवा काचेवरून ओघळ आले, तर ते हवेतून आलेलं नाही, ते पाणी म्हणूनच आत शिरलंय.

दुसरी खूण डाव्या-उजव्याची. दोन्ही दिव्यांवर सारखी बाफ धरली आणि दिवे लावून गाडी चालवल्यावर अर्ध्या तासात कडेपासून निवळत गेली, तर ते साधं दव आहे. परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात हे हमखास होतं. दिवसा ऊन रट्टा देतं, पहाटे हवा गार आणि दमट असते. पैठणला नाथसागराच्या काठी किंवा नांदेडला गोदावरीच्या बाजूला रात्रभर गाडी उभी असेल तर जास्तच. एकाच दिव्यात ओल धरत असेल, तर त्या दिव्यात दोष आहे.

तिसरी खूण फक्त बदललेल्या दिव्यांची. आतून काळा रंग मारून घेतलेल्या दिव्यात कधीकधी दुधट थर दिसतो आणि तो कितीही ऊन लागलं तरी जात नाही. ती ओल नसते. रंग पुरता वाळण्याआधीच दिवा बंद केला की रंगातला थिनर तापल्यावर उडतो आणि काचेला आतून चिकटतो. एलईडीची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट जास्त लावली तरी असंच होतं. यावर सीलिंगचा उपाय चालत नाही. दिवा उघडून काच पुसावी लागते आणि रंग काही दिवस उघड्यावर वाळू द्यावा लागतो.

बदल केल्यावर बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त गळती पुढच्या काचेच्या कडेने होत असेल असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. आधी मागची टोपी बघा.

हॅलोजन बल्बच्या मागे रबरी बूट किंवा फिरवून बसणारी प्लास्टिकची टोपी असते. एलईडी बल्बला मागे पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारं अॅल्युमिनियमचं हीटसिंक असतं, त्यामुळे तो लांब होतो आणि टोपी बसत नाही. मग संवाद असा होतो:

“भाऊ, मागचं रबर कुठंय?”

“लागत नाही मालक. लाइट मोठी बसवलीय.”

लागतं. टोपी काढून टाकली किंवा ब्लेडने तिला मोठं भगदाड पाडलं, की इंजिनच्या बाजूने धूळ, चाकाचे शिंतोडे आणि वॉशिंगचं पाणी थेट रिफ्लेक्टरवर, म्हणजे आतल्या चंदेरी आरशावर, येतं. बाजारात जास्त खोलीच्या रबरी टोप्या मिळतात, त्या बल्बच्या मापाने घ्या. तशी मिळाली नाही तर मूळ टोपीला वायरपुरतं गोल भोक पाडून त्यात रबरी ग्रॉमेट, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणारं कडं, बसवा. एच-4 प्रकारच्या हॅलोजन बल्बच्या बऱ्याच बुटांवर ‘टॉप’ असं कोरलेलं असतं. ती बाजू वरच आली पाहिजे, कारण पाणी निथळायची जागा खाली ठेवलेली असते. उलटा बसवलेला बूट पावसाळ्यात पन्हाळीचं काम करतो.

एलईडीचा आणखी एक परिणाम कुणी सांगत नाही. हॅलोजन बल्ब 55-60 वॅटचा असतो आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन समोर काचेकडे जाते, म्हणून जुन्या दिव्यातली बाफ आपोआप निवळायची. एलईडी कमी वीज खातो आणि आपली उष्णता मागे हीटसिंककडे टाकतो. काच गारच राहते. तेवढीच ओल आता तासभर टिकते. त्यामुळे एलईडी बसवल्यावर “आधी कधी बाफ धरत नव्हती, आता का?” असा प्रश्न पडला तर दिवा फुटलाय असं लगेच समजू नका. हवेची वाट मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त मोकळी हवी.

मग येतात वायरी. डीआरएल किंवा एंजल आयची (दिव्याभोवतीच्या चमकत्या कड्याची) वायर बाहेर काढायला दिव्याच्या अंगाला भोक पाडतात आणि वरून ग्लू गनचा गोळा थापतात. हा गोंद बॉनेटखालच्या उष्णतेने मऊ पडतो. भोक पाडायचंच असेल तर दिव्याच्या पाठीमागे, वरच्या अर्ध्यात नको, आणि ग्रॉमेट लावूनच. वायरीच्या आवरणाच्या आत, तारांच्या मधूनही पाणी चढतं. दिव्यातून बाहेर आलेली वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे थेंब त्या वाकात गळून पडतो. जोड साध्या टेपने गुंडाळू नका, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा.

एक गोष्ट जाता जाता. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा प्रकाश हा तर वेगळाच अपराध. सोलापूर-धुळे रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. बदलाआधी वॉरंटी आणि विम्याच्या अटी वाचून घ्या.

काम कधी काढायचं

पत्र्याची गळती आपण मृगाच्या आधी बुजवतो, हेही तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये परभणी, जालना, संभाजीनगर कुठेही दुपारची हवा कडकडीत कोरडी असते. त्या हवेत बंद केलेल्या दिव्यात आधीच ओल कमी कोंडली जाते आणि गोंदही सुक्या पृष्ठभागावर घट्ट धरतो. जुलैत संध्याकाळी, रिमझिम चालू असताना, शटरच्या तोंडाशी उभं राहून दिवा बंद करून घेतला तर ती दमट हवा तुम्ही आत भरून आणलीत. पावसाळ्यातच करायची वेळ आली तर उघडीप पडलेल्या दिवसाची दुपार निवडा.

उघडायचा की नाही

फक्त ओल वाळवायची असेल तर काच उघडायची गरज नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दिवा गाडीतून सोडवा, बल्ब आणि मागच्या टोप्या काढा. भोकं खाली येतील असा धरून साचलेलं पाणी निथळू द्या. मग भोकांवर मच्छरदाणीचं कापड बांधून दिवा वाऱ्याशी ठेवा, हवं तर पंखा लावा. केस वाळवायचा ड्रायर चालेल, पण कमी उष्णतेवर आणि लांबून. दिव्यात तांदूळ भरून ठेवायचा प्रकारही लोक करतात. तांदळाचं पीठ रिफ्लेक्टरला चिकटलं की ते काढता येत नाही.

आतून काहीही पुसू नका. रिफ्लेक्टरवर अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो की मऊ फडक्यानेही ओरखडे येतात. बऱ्याच दिव्यांच्या काचेला आतून बाफ न धरण्यासाठी एक लेप दिलेला असतो, तो स्पिरिटने जातो. रंगाचा दुधट थर काढायला काच पुसावीच लागली तर हा लेप गेला असं समजूनच पुसा.

काच उघडण्याची गरज कडेची गळती असेल, रंगाचा दुधट थर काढायचा असेल किंवा आत प्रोजेक्टर बसवायचा असेल तरच. यासाठी पहिल्यांदा हात घालणाऱ्याने जुन्या, टाकाऊ दिव्यावर सराव करावा. आधी हे बघा की कडेचा गोंद कोणता आहे. नखाने दाबला तर डांबरासारखा मऊ, काळा आणि चिकट असेल तर तो ब्युटाइल, उष्णतेने सुटतो. टणक, रबरासारखा असेल तर तो कायमचा गोंद. तो गरम करून सुटत नाही, कापावा लागतो, आणि कापताना काचेची कड हमखास जाते. असा दिवा घरी उघडायच्या नादाला लागू नका.

ब्युटाइल असेल तर आधी कडेचे स्क्रू आणि क्लिपा काढा. एक स्क्रू विसरला की काच तिथेच तडकते. हीट गनच्या तोंडाशी हवा काहीशे अंश असते. ही काच खरं तर पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते, ते 147 अंशांच्या आसपास मऊ पडतं, मागच्या अंगाचं पॉलीप्रोपिलीन त्याआधीच वाकायला लागतं. म्हणून गन एका जागी धरायची नाही, वीतभर अंतरावरून फक्त कडेच्या खाचेवर फिरवत राहायची. जास्त काम करणारी दुकानं 100 अंशांच्या आसपास ठेवलेल्या ओव्हनमध्ये दिवा तापवतात, त्यात सगळीकडे सारखी उष्णता लागते. घरच्या स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी नको. नंतर त्याच ओव्हनमधला केक कोण खाणार?

बंद करताना

या पायरीला वेळ द्या, बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

जुना गोंद खाचेतून पूर्ण काढा. अर्धा जुना, अर्धा नवा असं केलं की त्या जोडावरच पाणी वाट काढतं. विशेषतः जुन्या ब्युटाइलच्या अंशावर सिलिकॉन धरत नाही, वरून घट्ट दिसतं आणि बोट घातलं की सालीसारखं निघतं. गोंद काढल्यावर खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, पॉलीकार्बोनेटला बारीक चिरा पडतात.

मग ब्युटाइलची नवी दोरी खाचेत बसवा. दोरी ताणायची नाही, ताणलेली जागा पातळ होते. सुरुवात आणि शेवट दिव्याच्या खालच्या बाजूला येऊ देऊ नका, वरच्या कोपऱ्यातही नको. बाजूला घ्या आणि दोन्ही टोकं बोटभर एकमेकांवर चढवून दाबा. सगळी कड हलकीशी गरम करून काच दाबून बसवा आणि क्लिपा लावा. स्क्रू लगेच पिळू नका, दिवा पुन्हा थोडा गरम करून पुन्हा दाबा. कडेने सगळीकडे सारखा गोंद डोकावताना दिसला पाहिजे. जिथे दिसत नाही तिथे पोकळी आहे.

कुठे सिलिकॉन वापरायचंच असेल, म्हणजे ग्रॉमेटभोवती वगैरे, तर हार्डवेअरच्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त घेऊ नका. उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते वाळताना अॅसेटिक आम्ल सोडतं. बंद दिव्यात ते आम्ल रिफ्लेक्टरची चंदेरी चमक आणि एलईडीचे जोड खातं. न्यूट्रल क्युअर प्रकारचं आणि पॉलीकार्बोनेटला चालतं असं नळीवर लिहिलेलं घ्या. आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या, तोपर्यंत मागच्या टोप्या उघड्या.

हवेच्या वाटा

आता मागे वळा आणि सगळ्या वाटा मोजा. बहुतेक दिव्यांना दोन असतात, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या, म्हणजे हवा फिरती राहते. काळ्या रानातली धूळ, जिनिंगच्या परिसरातली सरकीची बारीक रुई, कोळ्याची जाळी यांनी त्या बुजतात. कुंभारीण माशीला तर ही नळी मातीचं घर बांधायला आयतीच सापडते. नळी काढून धुवा, सुकवा, पुन्हा तोंड खालीच राहील अशी बसवा. पडद्याची चकती खरवडू नका आणि तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फाटली तर बदलावीच लागते. रंग मारताना किंवा सिलिकॉन फिरवताना चकतीवर मास्किंग टेप लावा, आणि नंतर ती टेप काढायला विसरू नका.

नवा प्रोजेक्टर बसवल्यावर आतली हवा फिरायची वाट त्याच्या मागच्या कव्हरने अडली असेल तर बाहेरच्या वाटा मोकळ्या असूनही एका कोपऱ्यात ओल धरते. ती जागा दाखवते की हवा तिथे पोहोचत नाही.

बसवण्याआधी तपासा

दिवा गाडीत चढवून मग पाऊस पडायची वाट बघणं म्हणजे बंपर दोनदा उतरवणं. टोप्या लावा, एक सोडून बाकी सगळ्या वाटा टेपने बंद करा, उरलेल्या वाटेला बारीक नळी जोडा आणि तोंडाने हलकी फुंक मारा. दुसऱ्याने कडेवर, ग्रॉमेटवर आणि टोपीभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बुडबुडा आला तिथे गळती. पंपाची किंवा कॉम्प्रेसरची हवा नको, नव्या गोंदाला ती फाडते.

बुडबुडे आले नाहीत तर टेपा काढा, गाडीत बसवा आणि साध्या पाइपने, तोंडाशी नोझल न लावता, दहा मिनिटं वरून पाणी सोडा. मग दिवे अर्धा तास लावून बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघा. “आता तरी पाणी यायलंय का?” याचं उत्तर त्या पहाटेच मिळतं.

पुडीचं काय

सिलिका जेलच्या पुड्या दिव्यात टाकून द्या, असं ऐकलं असेल. वाळवताना त्यांचा उपयोग होतो, कायमचा उपाय म्हणून नाही. दिवा रोज बाहेरची हवा घेतो, त्यामुळे पावसाळ्यात पुडी लवकर भरते. भरलेली पुडी तापली की धरलेली ओल परत सोडते, आणि तीही दिव्याच्या आतच. शिवाय पुडी फाटली तर दाणे बीम, म्हणजे प्रकाशाचा झोत, फिरवायच्या यंत्रणेत जाऊन बसतात. हॅलोजनच्या दिव्यात तर टाकूच नका.

धुताना आणि नंतर

वॉशिंग सेंटरवर प्रेशरची गन काचेच्या कडेवर आणि बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीवर मारू देऊ नका. सांगितल्याशिवाय कुणी लांबून मारत नाही. लांबून आल्याबरोबर तापलेल्या दिव्यावर पाणी नको, आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार जास्त. ते एकदा आत शिरून वाळलं की काचेवर आणि रिफ्लेक्टरवर पांढरे डाग राहतात, पावसाच्या पाण्याने एवढे राहत नाहीत.

दुकानात काम देताना चार गोष्टी आधी ठरवून घ्या: गोंद ब्युटाइलचाच हवा, मागच्या टोप्या बसल्याच पाहिजेत, हवेच्या वाटा बुजवायच्या नाहीत, आणि काढलेले सगळे मूळ भाग, क्लिपांसकट, परत हवेत. नाराज होणारा दुकानदार असेल तर काम दुसरीकडे द्या.

रिफ्लेक्टरची चंदेरी झाक उडून खाली करडं प्लास्टिक दिसायला लागलं असेल, किंवा एलईडीच्या पट्टीवर हिरवा गंज चढला असेल, तर त्या दिव्यावर गोंदाचा खर्च करू नका. बीम पुन्हा जमत नाही. मूळ दिव्यांची जोडी घ्या.